यादीबाहेरची

नदीकाठच्या सरकारी उद्यानात ड्रायव्हरकाका दोनशे वेळा तरी गेले असतील. तरीही, तिथे आहे तरी काय, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, वाहनतळ. चांगला मोठा आहे, सपाट आहे, चार बस आरामात वळतात, झाडाची सावली मात्र दुपारी दोननंतर सरकते. तिथे उंच कडे आहेत, खाली नदी आहे, पलीकडे पाणथळ जमीन आणि पक्षी आहेत, हे त्यांना परत येणाऱ्या पोरांच्या गप्पांवरून कळलेलं. शाळेची सहल म्हटली की ड्रायव्हरचं काम ठरलेलं. पोरं उतरवायची, गाडी सावलीत लावायची आणि मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं. अख्ख्या सहलीत झोपण्याची परवानगी असलेला तो एकटाच माणूस, आणि त्याने झोपावं अशी शाळेच्या बाईंपासून बसच्या मालकापर्यंत सगळ्यांची इच्छा असते, कारण परतताना सगळ्यांचे जीव त्याच्याच हातात असतात.

छत्तीस वर्षं त्यांनी अशी तुकड्यातुकड्यांनी झोप काढली. सकाळी शाळेची फेरी, दुपारी कारखान्याची पाळी, सुट्टीच्या दिवशी सहल, मध्ये कुणी आजारी पडलं तर त्याची गाडीही यांच्याच गळ्यात. नाही म्हणायची सवय नव्हती आणि सोयही नव्हती. दोन महिन्यांपूर्वी रिटायर झाले तेव्हा वाटलं होतं, आता झोप पुरी होईल आणि अंग हलकं होईल. झोप पुरी झाली. थकवा मात्र भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला होता. सकाळी उठून खाटेच्या काठावर बसायचे आणि पायात चपला सरकवायला दहा मिनिटं लावायचे. बायको म्हणायची, "अहो, चपला आहेत त्या, क्लच नाही. घाला पटकन."

गाडीवर त्यांचं नाव पडलं होतं मोजणीमास्तर. पद्धत अशी की परत निघण्याआधी बाईंनी यादी घेऊन नावं पुकारायची आणि ड्रायव्हरने आरशातून डोकी मोजायची. दोघांचा आकडा जुळला तरच गाडी गियरमध्ये टाकायची. बाकीचे ड्रायव्हर बाईंच्या आकड्यावर मान डोलवून मोकळे व्हायचे. काका मात्र खरोखर मोजायचे, ओठ हलवत, एकेका डोक्यावर नजर ठेवून. सवय अशी हाडीमाशी भिनली की ते जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, दवाखान्यात पुढे बसलेली माणसं मोजायचे, बायकोच्या डब्यातली बटणंसुद्धा एकदा मोजून ठेवली होती, न विचारता.

निरोपाच्या कार्यक्रमात मालकाने भाषण केलं. म्हणाला, "छत्तीस वर्षांत यांच्या गाडीने एकही पोर कधी मागे सोडलं नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत काकांची लेक बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांइतक्याच, आणि सगळे थांबले तेव्हा थांबली. भिंतीवरचं घड्याळ भेट म्हणून घेताना काकांनी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, माणूस भारावला.

लेक तेहतीस वर्षांची. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. पहाटे पाचला उठून, एका जुन्या छोट्या गाडीच्या डिकीत बर्फाची पेटी ठेवून ती घरोघर फिरते आणि न्याहारीआधी लोकांचं रक्त काढून आणते. मग दुपारपर्यंत लॅब, पुन्हा संध्याकाळची फेरी. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणार, दोन दिवस घरभर मोजे टाकणार आणि जाणार. मुलगी सात वर्षांची. शाळा साडेतीनला सुटते, त्यानंतर ती पाळणाघरात. पाळणाघरवाल्या बाई आता थकल्या होत्या आणि पहिल्या तारखेपासून बंद करणार होत्या. त्याला उरले होते अकरा दिवस.

काकांचं घर लेकीच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. घरात दिवसभर एक धडधाकट रिकामटेकडा माणूस भिंतीवरच्या नव्या घड्याळाकडे बघत बसलेला. बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात सातपर्यंत मशीनवर. म्हणजे काखेत कळसा होता, गावाला वळसा घालायची गरजच नव्हती. तरी लेकीने शेजारणीला विचारलं, मैत्रिणीला विचारलं, लॅबमध्ये संध्याकाळची फेरी सोडू का म्हणून विचारलं, ज्यात तिचा निम्मा पगार गेला असता. बापाला विचारलं नाही.

"अगं, बाबा आहेत की घरी," आई म्हणाली.

"बघू," लेक म्हणाली.

हे "बघू" काकांनी सात वर्षं ऐकलं होतं. नात जन्मल्यापासून एकदाही, अगदी कोपऱ्यावरून दूध आणण्यापुरतीही, ती एकट्या आजोबांबरोबर सोडलेली नव्हती. भांडण नाही, अबोला नाही, येणं-जाणं रोजचं. औषधांच्या गोळ्या लेकच आणून द्यायची, गुडघ्याला लावायचं मलमही. पण आजी घरात नसली की नातीला घेऊन ती निघायची. बायकोच्या हे कधी लक्षात आलं नाही. काकांच्या यायचं, दर वेळी. त्यांना आता आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, साडेतीन वाजता शाळेच्या फाटकाशी उभं राहणं. आणि ते मागायला तोंड नव्हतं.

तोंड का नव्हतं, ते आता सांगायला हवं.

घरात एक गोष्ट चोवीस वर्षं गाजत होती. लेक नऊ वर्षांची असताना बापाच्या गाडीतून सहलीला गेली, उद्यानात बदकांच्या मागे भटकली, सगळ्यांना सोडून लांब गेली, आणि बिचाऱ्या बापाला रिकामी बस घेऊन तिला आणायला परत जावं लागलं. आईने ही गोष्ट शेजारपाजारी सांगितली, मामा-मावश्यांना सांगितली, लेकीच्या लग्नात व्याह्यांना हसत हसत सांगितली, "सांभाळा हो, आमची भटकी आहे." तेव्हापासून सासरीही तिला लाडाने भटकी म्हणायचे. जिने आयुष्यात कधी वाट सोडून पाऊल टाकलं नव्हतं, तिला.

खरं घडलं ते असं. त्या दिवशी तिच्या शाळेला सुट्टी होती आणि आईची कारखान्यात पाळी. पोरीला ठेवणार कुठे? काकांनी तिला दुसऱ्याच शाळेच्या सहलीत बरोबर घेतलं. मालकाचा नियम होता, की घरची माणसं गाडीत दिसली तर नोकरी गेली. पण बाई भल्या होत्या, त्यांनी डोळेझाक केली. पोर ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणावर चादर टाकून बसली. यादीत मुलं बेचाळीस. ही त्रेचाळिसावी, यादीबाहेरची.

काका त्याआधी दोन रात्री सलग कारखान्याच्या फेऱ्या मारून आले होते. डोळ्यांत मिरची घातल्यासारखी आग. उद्यानात पोहोचल्यावर त्यांनी लेकीला वाहनतळाच्या कडेच्या बाकावर बसवलं. म्हणाले, "इथे बस. मागेपुढे गाड्या फिरतात. मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही." आणि गाडीत जाऊन मेल्यासारखे झोपले. बाईंनी दार वाजवून उठवलं तेव्हा पोरं चढत होती. एका मुलीला मळमळत होतं म्हणून बाईंनी तिला पुढे, चादरीवर निजवलं. बाईंनी यादी वाचली, बेचाळीस. काकांनी ओठ हलवत डोकी मोजली, पुढची धरून बेचाळीस. आकडा जुळला. गाडी गियरमध्ये पडली.

दुसरा कुठलाही बाप आधी आपलं पोर शोधतो. पण हा माणूस त्या वेळी बाप नव्हता, मोजणीमास्तर होता, आणि जुळलेल्या आकड्यासारखी दुसरी गुंगी नाही. सव्वा तासाने शाळेपाशी पोरं उतरली, मळमळणारीही उतरली, आणि काका शेजारी वळून म्हणाले, "चल, उतर."

परतीचा सव्वा तास त्यांनी कसा काढला ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. पोहोचले तेव्हा ऊन कलंडलं होतं. लेक बाकावर बसलेली होती, हात मांडीखाली घेऊन. शेजारी उद्यानाची पहारेकरीण उभी होती. ती म्हणाली, "कुणाची ही? चौकीत चल म्हटलं तर येत नाही. नाव सांगत नाही." काकांच्या डोक्यात एका क्षणात सगळं फिरलं, मालक, नियम, नोकरी, घर. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "काय करू हो, भटकते. सांगितलेलं ऐकत नाही."

पोरीने मान वर करून बापाकडे पाहिलं. गाडीत बसल्यावर काकांनी समोर बघत बघत सांगितलं, "घरी विचारलं तर सांग, बदकांच्या मागे गेले होते." तिने घरी तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. आईने एक मुस्काटात दिली. भीतीने दिली, रागाने नव्हे. पण गालाला काय कळतं.

झालं ते एवढं. विसरणं दहा सेकंदांचं. त्यावरचं खोटं चोवीस वर्षं पुरलं. काका नंतरही सहली घेऊन तिथे जात राहिले, नोकरीच होती. फक्त गाडी लावताना तिची पाठ बाकाकडे येईल अशी लावायचे.

आणि आता बायकोने टूम काढली की रविवारी सगळ्यांनी मिळून त्या उद्यानात जायचं. "एवढी वर्षं लोकांची पोरं नेलीत, आपल्या नातीला नेलंत का कधी? तुम्हालाही जरा हवा लागेल. आणि तिथे गप्पा मारता मारता शाळेचंही ठरवून टाकू." काकांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. बायको म्हणाली, "गुडघे घरी ठेवून या."

रविवारी आभाळ मळकट होतं. गाडी लेकीने चालवली. शेजारी बसलेल्या काकांचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. मागे आजी आणि नात कोडी घालत होत्या. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सिग्नलला थांबली की ती मान मागे टेकवून एक क्षण डोळे मिटायची, मग हिरवा लागताच निघायची. आपलंच काही तिच्या अंगात उतरलंय, असं काकांना वाटलं, आणि वाईट वाटलं.

वाहनतळ तसाच होता. कडेचा बाकही होता, फक्त आता हिरवा रंग दिलेला. लेकीने गाडी त्याच्या समोरच लावली. जागा रिकामी होती म्हणून लावली असेल. काका उतरले आणि उगाच चाकांतली हवा बघत राहिले.

आजीने घोषणा केली, "मला काही चढण जमायची नाही. मी आणि ही खाली फळ्यांच्या वाटेवरून बदकं बघतो. तुम्ही बापलेक वर जाऊन या." आणि काकांना कोपराने ढोसलं. म्हणजे, विचारून टाका.

कड्यावर जायला दोनशे बारा पायऱ्या. काकांनी मोजल्या. काही दगडाच्या, काही मातीत लाकडी ओंडके ठोकून केलेल्या, मधली बरीचशी पावसाने खाल्लेली. लेक पुढे. दर तीस-चाळीस पायऱ्यांनी ती थांबायची, मागे वळायची नाही, नुसती थांबायची, आणि त्यांचा श्वास खाली बसला की पुन्हा चालू लागायची. एकदा म्हणाली, "पाणी हवंय?" ते नको म्हणाले. एवढंच बोलणं.

वर पोहोचल्यावर कठडा होता. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मगच समोर पाहिलं. खाली नदी, रुंद, मातकट, घाई नसलेली. कडा सरळ तुटून तिच्यात उतरलेला, त्याच्या भिंतीत पिवळे-तांबडे थर आणि पक्ष्यांची असंख्य बिळं. पलीकडे नदी पसरून पसरून जमीनच झाली होती. लव्हाळ्यांची बेटं, मध्ये मध्ये आभाळाएवढंच मळकट पाणी, त्यात एका पायावर उभे बगळे. फळ्यांच्या वाटेवर दोन ठिपके चालले होते, एक मोठा, एक लहान. लहान ठिपका उड्या मारत होता.

"एवढं होतं होय इथे," काका म्हणाले.

"तुम्ही वर कधी आलाच नाहीत?"

"झोपायचो."

लेक हसली, पण थकलेल्या माणसाचं हसणं, ओठांपुरतं. तीही कठड्याला टेकली. वारा होता, बरा वाटत होता. काकांनी मनात तीनदा वाक्य जुळवलं आणि शेवटी तिसऱ्यातलंही निम्मं गळून पडलं.

"पोरीला माझ्याकडे ठेव," ते म्हणाले. "शाळेनंतर. मी आणत जाईन."

तिने खालच्या उड्या मारणाऱ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"बाबा, राग नका मानू."

"नाही मानत. बोल."

"तुम्ही विसराल म्हणून मी घाबरत नाही. तुम्ही आता मरेपर्यंत विसरणार नाही, मला माहीत आहे. आणि विसरणं मला कळतं हो. परवा एका आजोबांच्या रक्ताची नळी मी दिवसभर गाडीत विसरले, दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना पुन्हा टोचलं. डोकं चालत नाही कधी कधी. माणूस थकतो."

"मग?"

"उद्या ती पडली, भाजली, हात मोडला, कुणाच्याही हातून होऊ शकतं. तर मला काय सांगाल? सांगाल, तीच ऐकत नव्हती. खापर तिच्या डोक्यावर फोडाल. आणि तिला आजोबा आवडतात ना, ती म्हणेल, हो आई, माझंच चुकलं. सात वर्षांची पोर तुम्हाला पाठीशी घालत बसेल. ते मला नको आहे."

काकांनी कठडा आणखी घट्ट धरला. "मालकाने काढलं असतं मला," ते म्हणाले. "घर बंद पडलं असतं."

"माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं मला. म्हणून तर बोलले नाही." तिने आता पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. आवाज चढलेला नव्हता, चढवण्याइतकं त्राणच नसावं. "पण आज दोन महिने झाले तुम्हाला रिटायर होऊन. आता कोण काढणार आहे तुम्हाला?"

यावर काकांकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मालकाची भीती केव्हाच सरली होती. उरली होती ती एवढीच, की घरात आपण भला माणूस म्हणून बसलोय, ती खुर्ची जाईल. बायको डोळे वटारेल. एवढ्याशा सोयीसाठी त्यांनी लेकीला भटकी ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता हो. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, रोज वात सारखी करणाऱ्यालाच तो दिसत नाही.

उतरताना गुडघे जास्त दुखले. लेकीने हात पुढे केला, त्यांनी धरला. पायऱ्या मोजायच्या राहून गेल्या.

खाली बाकावर आजी आणि नात बसल्या होत्या. मध्ये केळी आणि बिस्किटांचा पुडा. आजीला रंग चढला होता. "आणि मग काय, ही तुझी आई गेली बदकांच्या मागे! इकडे सगळी मुलं गाडीत बसली, आजोबा हाका मारून मारून थकले, हिचा पत्ता नाही. म्हणून तुला म्हटलं, वाटेवर हात सोडायचा नाही. आईवर जायचं नाही. भटकी कुठली!"

नात खुदखुदून हसली. लेक गाडीच्या किल्ल्या शोधत पर्समध्ये बघत होती. ही गोष्ट सुरू झाली की ती नेहमी काहीतरी शोधायला लागायची. काकांनी ते आजवर कधी पाहिलं नव्हतं, आज पाहिलं.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"ती कुठे गेली नव्हती. मी तिला ह्या बाकावर बसवलं होतं आणि हलू नको म्हणून सांगितलं होतं. ती हलली नाही. मी विसरलो. गाडी घेऊन निघून गेलो."

बायकोच्या हातात अर्धं सोललेलं केळं होतं. ती हसतच म्हणाली, "काहीतरीच काय." मग लेकीकडे पाहिलं. लेक पर्समध्ये शोधायची थांबली होती.

"बदकांचं मीच तिला शिकवलं," काका म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेनात, थांबलो तर पुन्हा जमणार नाही असं त्यांना वाटत होतं. "घरी असं सांग म्हणून. नोकरी जाईल म्हणून. नंतर नुसतंच. नंतर काही कारणच नव्हतं."

"मी मारलं तिला," बायको म्हणाली.

"हो."

"लग्नात व्याह्यांना सांगितलं मी. आता ह्या पोरीला सांगत होते. आणि तुम्ही बसून ऐकत होता? चोवीस वर्षं?"

"हो."

"अहो, हसायचात तुम्ही. माझ्याबरोबर हसायचात!"

बायकोने केळं बिस्किटांच्या पुड्यावर ठेवलं, उठली, लेकीजवळ गेली आणि तिच्या गालापाशी हात नेऊन तसाच थांबवला. लावावा की नाही हे तिला कळेना. लेकीने तो हात धरून खाली घेतला आणि धरून ठेवला. आई रडायला लागली. "तू तरी बोलायचं होतंस गं."

"असू दे आई," लेक म्हणाली.

काका उभेच होते. बसावंसं वाटत होतं, पण त्या बाकावर बसायची त्यांची हिंमत झाली नाही. बायको आता कित्येक दिवस बोलणार नाही हे त्यांना दिसत होतं. बोलली तर त्याहून वाईट. आश्चर्य म्हणजे त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

लेक डोळे पुसून त्यांना म्हणाली, "शाळेचं मी अजून काही ठरवलेलं नाही, बाबा."

"नको ठरवूस," ते म्हणाले. "मी विचारणार नाही पुन्हा."

एवढा वेळ गप्प असलेली नात एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे बघत होती. मोठ्यांच्या रडण्यात तिला रस नव्हता, तिला गोष्ट नीट लागत नव्हती. ती बाकावर हात फिरवत म्हणाली, "आई, तू इथेच बसलीस? किती वेळ?"

"गाडी गेल्यावर अडीच तास," आजोबांनी सांगितलं.

"आणि अजिबात हलली नाहीस?"

आईचा हात तिच्या हातातच होता. मग ती म्हणाली, "एकदा उठले होते. खूप तहान लागली होती. तो नळ दिसतोय ना, भिंतीपाशी, तिथे जायला निघाले. पण तेवढ्यात बाबा आले आणि मी दिसले नाही तर ते परत जातील, म्हणून अर्ध्यातनंच आले परत."

काकांनी तिकडे पाहिलं. नळ बाकापासून वीस पावलांवर होता, फार तर पंचवीस.